आधी कुलूप काढा
चौथीत असताना गुरुजींनी आम्हांला रांगेने वाचनालय दाखवायला नेले. कपाटांना कुलुपे होती. ‘हात लावू नका’ एवढेच ऐकून परतलो.

आता आमच्या वाचनालयात शाळेचा वर्ग येणार असला, की मी आधी कुलुपे काढतो, मग चिठ्ठ्या लिहितो. दोघांत एक चिठ्ठी: ‘८९१.४६ आकड्याचे कपाट शोधा, आवडलेली ओळ वाचून दाखवा.’ दशांश वर्गीकरणात तो मराठी साहित्याचा पत्ता. गलका होतो, होऊ द्यावा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे डॉ. रंगनाथन १९३१ सालीच सांगून गेले.

मागे एका मुलीने कवितांचे पुस्तक छातीशी धरून विचारले, “चाचा, घरी नेऊ?” ती सभासद नव्हती. माझ्या नावावर दिले. शनिवारी परत करायला आली, ती धाकट्या भावाला घेऊनच.