मातीतून सोने काढणाऱ्याचा धडा
(नागपूरजवळच्या एका गावी पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही कोष्ट्याच्या घरचे. घरचा माग आमच्या जन्माआधीच थांबला होता. गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे त्याचा निभाव लागला नाही. मग आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर लागले. तिचे संस्थापक जमशेटजी टाटा यांची हकीकत ते आम्हांस रात्री सांगत. तीच आमची शिदोरी झाली.

जमशेटजींचे घराणे नवसारीच्या पारशी पुरोहितांचे. पिढीजात धंदा सोडून त्यांचे वडील व्यापारात शिरले. पुढे जमशेटजींनी गिरणी काढण्याचे मनात घेतले. इतर लोक मुंबई धरून बसले असता त्यांनी नागपूर पसंत केले. कापूस या मुलखात पिकतो, आगगाडी येथवर इ. स. १८६७ मध्ये आली होती, आणि कोळसाही फार लांब नव्हता. एक सावकार म्हणाला, हे तर सोने मातीत पुरणे झाले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. पहिली यंत्रे हलकी निघाली. शरम न धरता ती बदलली. कारभारी नेमले ते रेल्वेच्या मालखात्यातले बेझनजी मेहता. गिरणीचे काम त्यांस ठाऊक नव्हते, ते शिकले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की या गृहस्थाने मातीतून सोने काढले!

आता विचार करा. आमच्या आजोबांच्या हाती कसब काय कमी होते? भांडवल नव्हते हे खरे. पण सूत कोठे स्वस्त, कापड कोठे महाग, हे विचारण्यास भांडवल लागत नाही. अक्षर व हिशेब लागतो. तोच घरात नव्हता. म्हणून बारावीनंतर आम्ही अध्यापक विद्यालयाची वाट धरली. आज आमच्या वर्गातली मुले बापाच्या कापसाच्या पट्टीवरून वजन, तूट व हमाली यांचा हिशेब मांडतात. एकाने तर चूक काढून बापाचे पैसे परत आणविले.

ती गिरणी २००२ साली बंद पडली. त्या जागी आता मॉल आहे. गिरणी गेली, धडा जाऊ नये. तेव्हा मायबापहो, एवढेच मागणे: वेचणीच्या हंगामात पोरापोरींना शाळेतून काढू नका. त्या दिवसांची मजुरी उडून जाईल. अक्षर जन्मभर पुरेल.