कुऱ्हाड वाडीत थांबते



उन्हाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या उतारावर धूर दिसला की शहरातील माणूस चटकन म्हणतो, 'वनवासी जंगल जाळतात.' त्या धुरामागचे शेतीशास्त्र मात्र क्वचितच समजून घेतले जाते.

दक्षिण सह्याद्रीत कुमरी आणि रायगडात दळी या नावांनी ओळखली गेलेली ही पद्धत. झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि पहिल्या पावसावर राखेत नाचणी-वरी पेरायची. राखेतून पालाश, स्फुरद व चुना मिळतो. तणांचे बी जळते. नत्र मात्र धुरावाटे निघून जाते. दोन-तीन पिकांत जमीन थकते आणि कुटुंब पुढच्या तुकड्याकडे वळते. थकलेल्या जमिनीला दीर्घ विसावा मिळत होता, तोवर हा व्यवहार निभावला. पुढे इंग्रजी राजवटीने वने राखीव केली, माणसे वाढली, विसावा आखडला आणि उघड्या उतारावरची माती पावसागणिक वाहून जाऊ लागली. सरकारने बंदी घातली. पण बंदीने भूक शमत नाही.

या भुकेला उत्तर शोधले ते मणिभाई देसाई यांच्या कर्तृत्वातून 1967 साली उरुळीकांचन येथे उभ्या राहिलेल्या 'बाएफ' या संस्थेने. 1982 साली गुजरातमधील वांसदा येथे तिने वनवासी कुटुंबांसोबत 'वाडी' सुरू केली. सुमारे एकरभर जमीन, त्यात आंबा-काजूची कलमे, कडेने चारा, पाला व सरपण देणारी झाडे आणि कलमांच्या ओळींमध्ये नेहमीची पिके. फळ हाती यायला काही वर्षे लागतात. त्या वर्षांत घर तगते ते या आंतरपिकांवर, आणि योजनेचे मर्म इथेच आहे. पुढे जव्हारच्या डोंगराळ भागातही वाडी रुजली. 2003-04 पासून नाबार्डने आदिवासी विकास निधीतून तिला देशभर पाठबळ दिले. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडावर कोणी कुऱ्हाड चालवत नाही.

मध्य अमेरिकेतील होंडुरासमध्ये माइक हँड्स या ब्रिटिश संशोधकाने याच प्रश्नावर वेगळी वाट काढली. 'इंगा' या शेंगवर्गीय झाडांच्या दाट ओळी लावायच्या, पेरणीपूर्वी त्या छाटायच्या आणि पाला ओळींमधल्या पट्ट्यात अंथरायचा. जाड पाला तण दाबतो, माती धरून ठेवतो. फांद्या चुलीला जातात. मग त्याच पट्ट्यात मका वा घेवडा पेरायचा. जमीन तीच राहते, काडी लावावी लागत नाही.

मराठवाड्याने यातून काय घ्यावे? येथे फिरती शेती नाही. पण पऱ्हाटी आणि उसाचे पाचट पेटवण्याची सवय आहे. तीही आपल्याच जमिनीचे अन्न जाळते. मात्र आंधळे अनुकरण नको. कोकणात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे त्याच्या निम्म्याहूनही कमी. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'च्या प्रयोगांत सुबाभळीच्या ओळींनी कोरडवाहू पिकाचेच पाणी पळवल्याचे दिसले. म्हणून येथे झाडांच्या ओळी शेताच्या मधोमध न घेता बांधावर घ्याव्यात. गिरिपुष्प वेळच्या वेळी छाटून त्याचा कोवळा पाला पिकाला द्यावा; पऱ्हाटी व पाचट बारीक करून जमिनीवर पसरावे.

संभाजीनगरच्या परिसरातील ज्या घरांची नाळ अजून गावाशी जुळलेली आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात निदान एका बांधावर हा प्रयोग करून पाहावा. जाळू नका, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. जाळण्याची गरज उरणार नाही, असे एक शेत त्याला दाखवणे, हे खरे काम आहे.