कमरेचे बळ, गुडघ्याचा आधार
(कडेगाव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनात शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहातील खर्च या विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. तेथे गुडघ्याचा विषय घेऊन उभे राहणे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेली तरुण माणसे आज आपल्या घराघरांतून दिसू लागली आहेत. कोणाचा पाय कबड्डीत गेला, कोणाचा आखाड्यात, कोणी दुचाकीवरून पडले, तर कोणाचा पाय उसाच्या सरीत मुरगळला. शस्त्रक्रियेसाठी आपण कर्ज काढतो, प्रसंगी दागिना मोडतो. मात्र त्यानंतरच्या व्यायामास आपल्यापाशी वेळ नसतो. या विषयी आम्ही जे बोलणार आहो, ते स्वतः ठेच लागल्यावर शिकलेले आहे.

आमचा पुतण्या कबड्डी खेळतो. चढाई करताना तो एकाएकी वळला, गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि पाय सुजला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी येताना व्यायामाचा एक कागद मिळाला. त्यात मांडीच्या व्यायामाबरोबर पोटाचे व कमरेचे व्यायाम पाहून आम्ही वडीलधारी मंडळीच हसलो. 'दुखणे गुडघ्याचे आणि कसरत पोटाची!' असे म्हणून तो कागद आम्ही औषधांच्या पिशवीत टाकला. पाचव्या महिन्यात त्याचे दुखणे थांबले, लंगडणे गेले. यात्रेच्या सामन्यात तो उतरला, तेव्हा आम्हीच टाळ्या वाजविल्या. दुसऱ्याच चढाईत तोच गुडघा पुन्हा गेला. दोष उपचार करणाऱ्यांचा नव्हता, आमचा होता.

गुडघ्याच्या आत एकमेकांस छेदून जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा, ज्यास डॉक्टर 'एसीएल' म्हणतात, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि सांध्यास भलता पीळ बसू देत नाही. तो तुटला म्हणजे बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील अथवा वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवितात. पण बंध बसविला म्हणजे काम संपले असे नव्हे. पुष्कळदा हा बंध कोणाचा धक्का न लागताच तुटतो. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता वळताना धड एका बाजूस कलते, गुडघा आत वळतो आणि सारा भार त्या बंधावर येतो.

आपल्या कडेगावचे मोहरमातील उंच ताबूत आपण सर्वांनी पाहिले आहेत. वरचा भाग जरासा कलला की खाली खांदा देणाऱ्यांवर भार कसा एकीकडे येतो, हे खांदा देणारास सांगावे लागत नाही. शरीराचेही तसेच आहे. धड डोलले की शिक्षा गुडघ्यास होते. अमेरिकेतील येल विद्यापीठात २७७ खेळाडूंचा ३ वर्षे मागोवा घेऊन २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना धडाचा तोल नीट आवरता येत नव्हता त्यांस गुडघ्याच्या इजा अधिक झाल्याचे आढळले. पोटाचा आतला पट्टा, पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, श्वासपटल, ओटीपोटाचा तळ आणि नितंबांचे स्नायू मिळून हा आधार होतो. यासच हल्ली 'कोअर' म्हणतात. निरोगी माणसाने पाय उचलण्यापूर्वीच पोटाचा आतला पट्टा आवळलेला असतो. मोठ्या कामास लागणे म्हणजे कंबर कसणे, असे आपली भाषा उगाच म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष व्यायामाविषयी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत सूज उतरविणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळण्यास शिकणे ही मुख्य कामे होत. त्याच वेळी अंथरुणावर पडल्या पडल्या संथ श्वास घेत पोट हलकेच आवळून धरण्याचा सराव करता येतो. पुढे फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या क्रमाने, उताणे पडून गुडघे वाकवून कंबर उचलणे. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणे. उताणे पडून कंबर जमिनीस टेकलेली ठेवून एक हात व विरुद्ध बाजूचा पाय सावकाश लांबविणे. कोपर टेकवून कुशीवर अंग तोलणे. श्वास कोंडू नये. संख्येपेक्षा नेटकेपणा मोलाचा. नवा बंध मांडीमागील कंडरेचा असेल तर कंबर उचलण्याचा व्यायाम केव्हा आरंभावा, आणि गादी शिवली असेल तर गुडघा किती वाकवावा, हे डॉक्टरांनीच सांगावे.

पुढे एका पायावर उभे राहण्याची पायरी येते. आरशासमोर पाहावे: कंबर एका बाजूस खचते काय? गुडघा आत झुकतो काय? तसे होत असेल तर पळण्याची घाई नको. मात्र कमरेच्या व्यायामाने मांडीच्या व्यायामाची सुट्टी होत नाही. मांडीचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के व्हावे, असा दंडक सामान्यतः पाळतात. तालमीतल्या जोर-बैठका आपला अभिमान आहेत. पण खोल बैठक आणि उकिडवे बसणे डॉक्टरांच्या परवानगीवाचून नको.

सर्वांत फसवा काळ म्हणजे दुखणे थांबल्यानंतरचा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी बसविलेला बंध प्रथम दुबळा होतो आणि मग महिनोन्महिने सावकाश बळावतो. वेदना गेली म्हणजे बंध पक्का झाला असे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात, ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणे लांबविलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले.

येथून कऱ्हाडच्या वाटेस लागले की पुढे गोळेश्वर गाव आहे. तेथील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र गुडघ्याच्या दुखापतीने ते मुकले. त्या काळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्याकडे नव्हती आणि पुनर्वसनाचे शास्त्रही बाल्यावस्थेत होते. आज ही दोन्ही साधने आपल्या आवाक्यात आली आहेत. ती असूनही आमच्यासारख्यांनी एखाद्या मुलाचा गुडघा हेळसांडीने दुसऱ्यांदा गमवावा, ही शरमेची गोष्ट होय.

भगिनींविषयी एक शब्द. शस्त्रक्रिया झालेली सून तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढे आणि दुसऱ्या महिन्यात रानात दिसते. मुलाच्या व्यायामास घर वेळ देते, तिच्या व्यायामास देत नाही. तिला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास आणि दार लावून घेण्यापुरती एक खोली मिळावी, एवढीच आमची मागणी आहे.

मंडळाच्या चालकांस विनंती, की आपले सभागृह रोज सकाळी तासभर अशा रुग्णांसाठी उघडावे आणि महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टांस पाचारण करावे. एक सतरंजी, एक आरसा, याहून अधिक साहित्य लागत नाही.

आमच्या पुतण्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सर्व व्यायाम नेमाने केले. बारा महिने मैदानाबाहेर बसून तो मुलांचे गुण मांडीत राहिला. या वर्षी तो पुन्हा खेळला. आम्ही टाळ्या वाजविल्या खऱ्या, पण या खेपेस आधी त्याच्या फिजिओथेरपिस्टांस विचारून.