घरबसल्या प्रवेशपरीक्षेची तयारी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ह्या खाडीकाठच्या आम्हां आगरी लोकांचे संसार भातशेतीवर व मिठागरांवर चालले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी नगरासाठी गेल्या. आज शिरवण्याच्या मुलांस विद्येखेरीज दुसरे शेत नाही. आणि वैद्यकी-अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांचे खाजगी वर्ग तर आपल्यापैकी पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचे!

परंतु नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्गीय मुलांस जेईई, नीट व सीईटीचे ऑनलाइन शिक्षण आणि टॅबलेट विनामूल्य देते. आयआयटी कानपूरचे ‘साथी’ सर्वांसच मोकळे आहे. ऑनलाइन सरावाचा मोठा गुण असा की, मूल कोठे चुकते ह्याची नोंद राहते व उजळणी तेथूनच करता येते. नववीची त्रिकोणमितीच कळली नाही, हे भरल्या वर्गात सांगावयास बारावीचा मुलगा लाजतो. यंत्रापुढे लाज कसली? सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नास २ गुण असतात, हे ध्यानी घ्यावे. मात्र उत्तर पाहून गणित सोडविल्यास ती नोंदच खोटी ठरते. (त्याच पडद्यावर क्रिकेटही दिसते, हे आम्ही सांगावयास नको.)

गावठाणातील घरे दाटीची. म्हणून मंडळाने संध्याकाळी सभागृह अभ्यासासाठी उघडावे व एका जाणत्या तरुणाने तेथे बसावे, अशी आमची सूचना आहे. पालकांनीही दहावीच्या निकालाची वाट न पाहता जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढून ठेवावे. कागदांवाचून अर्ज राहिलेली हुशार मुले आम्ही पाहिली आहेत.