कडू दुधीचा रस आणि अनधिकृत वैद्यकीय सल्ला

मधुमेहावर किंवा हृदयविकारावर रोज अनशापोटी दुधी भोपळ्याचा रस प्यावा, असा सल्ला मोबाइलवरून घरोघरी पोहोचतो. मात्र तो देणाऱ्याने वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आहे की नाही, हे क्वचितच तपासले जाते. दुधी, काकडी, कारले ज्या कुळात मोडतात, त्यातील वनस्पती स्वसंरक्षणासाठी कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करतात, आणि एखाद्या दुधीत त्यांचे प्रमाण वाढले, तर रस पिणाऱ्याला तीव्र पोटदुखी, जुलाब, रक्ताची उलटी होऊ शकते व रक्तदाबही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. भारतात असे मृत्यूही घडल्यामुळे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस काढण्यापूर्वी दुधीची लहान फोड चाखावी, ती कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, त्याचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये आणि त्रास होताच रुग्णालय गाठावे, अशी शिफारस या समितीने केली, व तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषावर ठरावीक उतारा, म्हणजे त्याचा परिणाम थेट नाहीसा करणारे औषध, उपलब्ध नाही. म्हणूनच ‘औषध कडूच असते’ ही समजूत येथे जिवावर बेतू शकते. सर्वांना एकच उपाय सुचवणाऱ्या संदेशाला रुग्णाचे वय, त्याचे अन्य आजार आणि चालू औषधे यांची माहिती नसते. ती विचारून, तपासणी करून उपचार ठरवणारा नोंदणीकृत डॉक्टरच सल्ल्याचा खरा अधिकारी असतो.