पैदाशीचा मेंढा : बाजारातील आणि वाड्यातील पारख

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस बोलावयास उभे केले आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. शिक्षण, वसतिगृह आणि विवाहातील खर्च या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आताच बोलून गेले आहेत. आम्हांस मेंढरांखेरीज फारसे काही कळत नाही. तेव्हा त्यांविषयीच चार शब्द सांगण्याची परवानगी असावी. पैनगंगेच्या उत्तरेकडील टेकड्यांवर मेंढरे राखणाऱ्या पूर्वजांची आपण लेकरे. आज आपल्यापैकी अनेकांची मुले कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरीस आहेत व त्यांच्या दारी मेंढरू उरलेले नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्यांच्या दारी अद्याप कळप आहे, त्यांच्या घरचे शिक्षण आणि विवाह त्या कळपावरच चालतात.

मेंढी खोटी निघाली तर वर्षाकाठी एखादे कोकरू बुडते. मेंढा खोटा निघाला तर तीस-पस्तीस मेंढ्यांचा हंगाम बुडतो, आणि त्याचा दोष त्याच्या मुलींत उतरला तर पुढील पाच-सहा वर्षे तो आपल्या वाड्यात चरत राहतो. असे असूनही मेंढी घेताना आपण दहा वेळा विचार करतो आणि मेंढा मात्र बाजारात उभ्या उभ्या घेऊन येतो.

आम्ही हे परोपदेशे पांडित्य करीत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडाशी, एका यात्रेच्या बाजारात आम्ही एक चौदाती मेंढा पाहिला. उंच, भरदार, मान ताठ. आणखी दोन गिऱ्हाइके त्याच्यावर टपली होती. दलालाने उपरण्याखाली आमचा हात घेतला, बोटे दाबली, आम्ही बोट वाढविले. पलीकडच्या गिऱ्हाइकाचा हात त्याने घेतलेला पाहून आम्ही पुन्हा वाढविले. ईर्षा माणसाचे डोळे कसे झाकते ते त्या दिवशी समजले. उघड लिलाव असो की उपरण्याखालची बोटे असोत, भाव चढतो तो पुष्कळदा शेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे.

घरी आलो तेव्हा आमची आजी ओसरीवर बसली होती. तिने मेंढ्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, “याच्या मायची कास पाह्यली काय रे बाबू?” आम्ही हसलो. मेंढ्याची माय बाजारात कोठून येणार!

तो मेंढा पस्तीस मेंढ्यांत सोडला. मेंढ्यांवर तो उत्साहाने जाई, म्हणून कोणास शंका आली नाही. सतरा-अठरा दिवसांनी त्याच मेंढ्या पुन्हा माजावर येत आहेत, हे आमच्या ध्यानात आले नाही. पावसाळ्याच्या चिखलात कोण मोजतो? मार्गशीर्षापर्यंत वाड्यात सहा कोकरे झाली. पशुवैद्य आले, त्यांनी मेंढ्याच्या पोटाखाली हात घातला आणि आमचाही हात तेथे नेला. एक अंड लहान आणि टणक, त्याच्या खालच्या टोकास सुपारीएवढी गाठ. बाजारात आम्ही त्याची शिंगे, पाठ, दात सर्व पाहिले होते. हात मात्र तेथे घातला नव्हता. त्या वर्षी मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याकरिता पाच चांगल्या मेंढ्या विकाव्या लागल्या. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. त्यास ठाऊक होते की नव्हते, ईश्वर जाणे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, मेंढा हाताने पाहावा. दोन्ही अंडे सारख्या आकाराची, हातास घट्ट परंतु दगडासारखी कठीण नव्हेत, पिशवीत मोकळी हलणारी असावीत. कोठे गाठ, सूज वा ऊन लागत असेल, तर भाव कितीही उतरला तरी दोर सोडून द्यावा. मेंढ्याचे बीज तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून आज धडधाकट दिसणाऱ्या मेंढ्यास महिन्यापूर्वी नीलजिव्हेचा वा अन्य ज्वर येऊन गेला असेल, तर तो ऐन हंगामात निष्फळ ठरू शकतो. याकरिता मेंढा हंगामाच्या दोन महिने आधी घ्यावा. आम्ही पावसाच्या तोंडाशी घेतला, ही आमची दुसरी चूक.

दातांविषयी बोलत नाही, ते आपणांस येते. दोनदाती वा चौदाती घ्यावा एवढेच. खालची पापणी उलटून पाहावी. ती लाल असावी, पांढरट असेल तर पोटात जंत रक्त पीत आहेत असे समजावे. खालचे दात वरच्या हिरडीस बरोबर लागले पाहिजेत. आणि खुरांकडे विशेष पाहावे. आपली जमीन काळी, पावसाळ्यात चिखल घट्ट बसतो. ज्याचे खूर वेडेवाकडे, तो आपल्याकडे दोन पावसाळे काढीत नाही. बाजारात मेंढा बांधलेला असतो. त्यास सोडवून वीस पावले चालवावा. विकणारा कुरकुर करील, करू द्यावी.

आता रूपाविषयी. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचा माडग्याळी मेंढा आपण चित्रांतून पाहिला असेल. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार. 2020 साली आटपाडी तालुक्यातील अशा एका मेंढ्यास सत्तर लाखांची मागणी आली आणि धन्याने दीड कोट सांगितले, असे वर्तमानपत्रांतून आले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये लॅनार्कच्या लिलावात टेक्सेल जातीचे एक नर कोकरू साडेतीन लाख गिनींस गेले. घेणारे तिघे भागीदार होते. हौसेचे मोल करणारे आम्ही कोण? परंतु बाकदार नाकाने मेंढीस दूध सुटत नाही. शिवाय कोरड्या माळरानावर वाढलेले जनावर आपल्या पावसात कसे टिकेल, हे नाकावरून कळत नाही. आपली काळी दख्खनी मेंढी दिसावयास साधी, पण मैलोगणती चालते आणि अल्प चाऱ्यावर कोकरू जगविते. तिला बाहेरचा मेंढा द्यावयाचा झाल्यास प्रथम थोड्या मेंढ्यांवर देऊन पाहावा.

लिलावाच्या बाबतीत एक सावधगिरी. सरकारी प्रक्षेत्रांवर जाहीर लिलाव होतो तो बहुधा कळपातून कमी केलेल्या जनावरांचा. ते स्वस्त मिळते म्हणून पैदाशीस आणू नये. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र अमरावती जिल्ह्यात पोहरा येथे आहे. पैदाशीचे नर उपलब्ध आहेत काय, याची तेथे आधी चौकशी करून मगच निघावे. 2017 साली सुरू झालेल्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट अनुदानावर देण्याची तरतूद झाली. ज्यांना असा गट मिळतो ते वीस मेंढ्या डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि एकविसावा जो येईल तो घेतात, असे आम्ही पाहिले आहे.

परंतु सर्वांत मोठा घात बाजारात होत नाही, तो आपल्या वाड्यात होतो. हे बोलणे काहीसे कटू आहे. आपल्याकडे जे नर कोकरू सर्वांत लवकर वाढते, तेच प्रथम खाटकास जाते, कारण त्याचे वजन भरते. बकरी ईदेच्या सुमारास चांगला भाव येतो आणि उरलेसुरले पुढेही जाते. मागे राहते ते कोण? जे वाढले नाही, ज्यास गिऱ्हाईक मिळाले नाही. तेच पुढे मेंढ्यांवर जाते. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम विकून कनिष्ठ राखायचे आणि मग कळप खुरटला म्हणून काळास दोष द्यायचा! इंग्लंडात अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने याच्या उलट केले. उत्तम मेंढे त्याने विकले नाहीत, हंगामापुरते भाड्याने दिले. त्यांची कोकरे कशी निघतात ते पाहिले, आणि चांगली निघाली तर मेंढा आपल्याच वाड्यात वापरला.

आजीच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. मेंढ्यास स्वतःस दूध नाही. तो आईची कास आपल्या मुलींस देतो. ती कास पाहावयाची तर मेंढा ओळखीच्या वाड्यातून घेतला पाहिजे. आई दरवर्षी विते काय, तिची कोकरे तिसऱ्या महिन्यात किती भरतात, जुळी झाली तर दोन्ही जगतात काय, हे तेथेच कळते. जुळ्यांचा हव्यास मात्र बेताने धरावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळे देणारा गुण दख्खनीत आणला, हे मोठे काम झाले. पण चारा नसलेल्या घरी दोन कोकरे म्हणजे दोन उपाशी पोटे.

मेंढा आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधावा. मग त्याच्या छातीस तेलात कालवलेला गेरू लावावा. ज्या मेंढीवर तो जाईल तिच्या पाठीवर खूण उमटते. सतरा दिवसांनी रंग बदलावा. जुन्या खुणांवर नवा रंग फार दिसू लागला, तर मेंढा तपासावा. मूठभर गेरूने आमच्या पाच मेंढ्या वाचल्या असत्या. दोन वर्षांनी त्याच्या मुली वयात येण्यापूर्वी मेंढा बदलावा. येथे तीन-चार कुटुंबांनी मिळून मेंढे घ्यावेत आणि वाड्यावाड्यांतून फिरवावेत, असे आम्ही सुचवितो. एकास न परवडणारा मेंढा चौघांस परवडतो. मात्र असा फिरता मेंढा दुसऱ्या वाड्यात सोडण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावा.

मालेगाव, रिसोड आणि वाशीम भागांतील ज्यांस यात भाग घ्यावयाचा असेल, त्यांनी आज जेवणाच्या पंक्तीपूर्वी चिटणिसांकडे नावे द्यावीत. आमच्या वाड्यातील यंदाचे सर्वांत वाढलेले नर कोकरू विकावयाचे नाही असे घरी ठरले आहे. खाटिक दोनदा येऊन गेला. त्याच्या आईची कास ज्यांस पाहावयाची असेल, त्यांनी सकाळी कोकरे पाजण्यास सोडण्यापूर्वी यावे.