तेजीतला स्वस्त भाव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



आपण व्यापारी परंपरेतील माणसे. मागणी किती आणि गोदामात माल किती पडून आहे, हे पाहिल्याशिवाय आपले वाडवडील सौदा करीत नसत. सेमिकंडक्टर, म्हणजेच चिप बनविणाऱ्या कंपन्यांचे समभाग घेताना मात्र हा विवेक आपण विसरतो.

या धंद्यात कारखाना उभारण्यास दोन-तीन वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागतात. तेजीत सारेच एकदम कारखाने काढतात. टंचाईच्या भीतीने ग्राहकही गरजेहून अधिक मागणी नोंदवितात. नवा माल येतो तोवर मागणी ओसरलेली असते. जगातील चिपविक्री 2000 साली सुमारे 204 अब्ज डॉलर होती. 2001 मध्ये ती 139 अब्जांवर घसरली.

म्हणूनच येथे नेहमीचा हिशेब फसवितो. साणंदला 2023 साली जिच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, ती मायक्रॉन कंपनी पाहा. 2018 च्या मे अखेरीस तिच्या समभागाचा भाव नफ्याच्या जेमतेम सहापट होता. 'स्वस्त' म्हणून घेणाऱ्यांना डिसेंबरात तो निम्म्यावर आलेला दिसला. नफा चक्राच्या माथ्यावरचा होता: 2018 च्या आर्थिक वर्षात 14 अब्ज डॉलर, 2020 मध्ये तीन अब्जांहून कमी आणि 2023 मध्ये जवळजवळ सहा अब्जांचा तोटा. उलट मंदीच्या तळाशी नफाच नसतो, म्हणून तोच समभाग महाग भासतो.

आपल्या मुंबई शेअर बाजारातील आरआरपी सेमिकंडक्टरचा भाव 2024-25 मध्ये दीड-पावणेदोन वर्षांत काही रुपयांवरून नऊ हजारांपलीकडे गेला. चिपचे उत्पादन अद्याप सुरू झालेले नाही, असे कंपनीनेच 2025 मध्ये कळविले होते. अखेर तिचे व्यवहार आठवड्यातून एकदाच करण्याचे बंधन आले. तेथे चक्र नव्हतेच. केवळ नाव होते.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. 2000 साली मुलीच्या शिक्षणाची रक्कम मी संगणक क्षेत्रातील समभागांत गुंतविली. भाव कोसळले आणि तिची फी धाकट्या भावाकडून उसने घेऊन भरावी लागली.

तेव्हा खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा नफा एका वर्षाचा की दहा वर्षांच्या सरासरीचा? गोदामातील साठा वाढतो आहे का? आणि भाव निम्मा झाला, तर घरातील कोणते काम अडेल? तिसऱ्याचे उत्तर सुचत नसेल, तर ते पत्नीला विचारावे. तिला ते निश्चित ठाऊक असते.

जय जिनेंद्र.